लहान मुलांचा ब्राँकायटिस : औषधं झाली, पण श्वास हलका करायला घरी काय करता?

शेवंती
मंडळी, लेक अडीच वर्षांची. सर्दीचं निमित्त झालं आणि आता छाती भरलीय. डॉक्टरांनी तपासलं, ब्राँकायटिस (श्वासनळ्यांची सूज) म्हणाले, भरती करायची गरज नाही. तापाचं औषध, नेब्युलायझर (औषधाचा बारीक फवारा करणारं मशीन), परवा परत दाखवायला या. इथवर ठीक. चिठ्ठीवर औषधं सगळी आहेत, पण तिला निजवायचं कसं, भरवायचं काय, रात्री धाप वाढली तर ती वाढली हे ओळखायचं कशावरून, यातलं काहीच नाही. बाहेर ही रांग, त्यामुळे विचारायचंही राहून गेलं.

घरात मात्र सल्ल्यांना तोटा नाही. साबा (सासूबाई) : पातेल्यातली वाफ दे. आई (फोनवरून) : ओवा-कापराची पुरचुंडी गळ्यात बांध. साबु (सासरेबुवा) : छातीला ब्रँडी चोळ. (घरात ब्रँडी आहे हे यानिमित्ताने कळलं.) नवरा : गूगल करतोय.

औषधं विचारत नाहीये, ती डॉक्टर बघतील. शुश्रूषा विचारतेय. ज्यांनी मुलांची अशी आजारपणं काढलीत त्यांनी लिहा प्लीज.

तिरकस
साबुंचा पत्ता निरोपात कळवा. माझीही छाती भरल्यासारखी वाटतेय.

रात्रपाळी
शेवंती, माझी सगळी नोकरी सरकारी रुग्णालयाच्या बालविभागात झाली, आता निवृत्त आहे. सुचेल तसं लिहिते, क्रम नाही.

आधी श्वास मोजायला शीक. मूल शांत किंवा झोपलेलं हवं, रडताना किंवा पिताना मोजलेलं काही कामाचं नाही. अंगातला कपडा वर कर आणि पोटाकडे बघ. एकदा वर-खाली झालं की एक. पूर्ण मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण लहान मुलं मध्येच भरभर घेतात, मध्येच थांबतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. तुझ्या लेकीचा आकडा ४०. ताप असताना श्वास तसाही वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर परत मोज. तेव्हाही चाळीस किंवा जास्त असेल तर परवाची वाट बघू नकोस.

मोजता मोजता बरगड्यांकडे बघ. श्वास आत घेताना छाती फुगायला हवी. त्याऐवजी छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, गळ्याच्या खळग्यात खड्डा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, तर आकडा कितीही असो, दवाखाना गाठायचा. श्वास सोडताना दर वेळी कण्हल्यासारखा आवाज, ओठ-जीभ निळसर, पाणीसुद्धा घेईना, उठवलं तरी डोळे उघडेना, यातलं काही दिसलं तर थेट १०८.

निजवण्याचं विचारलंस. आपल्याकडे आजारी मूल म्हटलं की आडवं करून वर दोन पांघरुणं घालतात. सपाट झोपलं की पोट वर दाबतं आणि छातीला पसरायला जागा कमी मिळते. जागी असेल तेव्हा मांडीवर, तिची पाठ तुझ्या छातीला लावून बसव. झोपताना डोक्याकडची बाजू उंच कर, नुसती मान नाही, खांद्यापासून. मानेखाली जाड उशी कोंबली तर हनुवटी छातीला टेकते आणि श्वास उलट अडतो. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र उशा-लोड काही नको, झोपेत सपाट, उताणंच. जागं असताना खांद्यावर उभं धरायचं.

नाक मोकळं ठेव. मेडिकलमध्ये मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात, प्रत्येक नाकपुडीत दोन. थोडं थांबून पुसून घे. जेवणाआधी आणि झोपेआधी केलं तर फरक दिसतो. नाकात तेल अजिबात नको, ते छातीत उतरून वेगळाच आजार होतो.

आणि रडवू नका. वॉर्डात आम्ही ताप बघणं, नेब्युलायझर, दुपटं बदलणं, सगळं एका खेपेत उरकायचो आणि मग बाळाला कोणी हात लावायचा नाही. दर दहा मिनिटांनी कोणीतरी 'कसं आहे माझं सोनं' करून गाल ओढतं, तेही बंद. रडलं की श्वास आणखी लागतो.

पुन्हा_मीच
वाचनखूण साठवली. रात्रपाळीताई, हा प्रतिसाद स्वतंत्र धागा म्हणून टाका ना.

वाफाळता
बाकी सगळं पटलं, पण वाफेचा उल्लेखच नाही? आमच्या घरात तीन पिढ्या वाफेवर वाढल्या. डोक्यावरून टॉवेल, खाली पातेलं, पाच मिनिटांत नाक मोकळं. आयडीवरून समजलंच असेल.

रात्रपाळी
वाफाळता, तुम्ही मोठे आहात, तुम्ही खुशाल घ्या. अडीच वर्षांचं पोर टॉवेलखाली पाच मिनिटं गप्प बसेल का? ते हात मारतं, पातेलं कलंडतं, उकळतं पाणी मांडीवर. वाफ देताना भाजलेली मुलं आमच्याकडे आली की सगळ्या वॉर्डाचं तोंड उतरायचं. खोकला एव्हाना बरा झालेला असायचा, भाजलेलं मात्र महिनोन् महिने. शिवाय वाफ नाक-घशापर्यंत बरं वाटवते, खाली लहान नळ्यांपर्यंत तिचा काही उपयोग दिसत नाही. फारच वाटलं तर न्हाणीघरात गरम पाणी सोडून दार लावायचं आणि मुलाला कडेवर घेऊन आतच, पाण्यापासून लांब बसायचं. भांडं जवळ नको.

स्टेथोवाला
मी बालरोगतज्ज्ञ. रात्रपाळीताईंना अनुमोदन, थोडी भर.

मुलांचा श्वास इतक्या लवकर का लागतो ते आधी. नळी मुळात अरुंद. तान्ह्या बाळाची श्वासनळी समजा ४ मिलिमीटरची, आतून सगळीकडे १ मिलिमीटर सूज आली तर हवेची जागा पाऊण भागाने कमी होते आणि अडथळा १६ पट वाढतो. तेवढीच सूज तुमच्या-माझ्या नळीत आली तर आपण खोकत ऑफिसला जातो.

दुसरं, 'छाती भरली' या एका शब्दात तीन-चार वेगळे आजार असतात. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना बहुतेकदा ब्राँकिओलायटिस होतो, म्हणजे सगळ्यात बारीक नळ्यांची सूज. त्याचं मुख्य कारण आरएसव्ही हा विषाणू. थोड्या मोठ्या मुलांचा ब्राँकायटिस, तोही बहुतेक विषाणूंमुळेच. म्हणून अँटिबायोटिकचा आग्रह धरू नका. 'डॉक्टरांनी काहीच स्ट्राँग दिलं नाही' ही तक्रार रोज ऐकतो. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, मूल खेळतंय-खातंय तर त्यात घाबरण्यासारखं नाही. तिसरा प्रकार दम्याच्या वळणाचा, शिट्टीसारखा आवाज येणारा. त्यात साल्ब्युटामॉलचं (नळ्या मोकळ्या करणारं औषध) नेब्युलायझर छान काम करतं, ब्राँकिओलायटिसच्या तान्ह्या बाळात मात्र ते सहसा करत नाही. त्यामुळे शेजारच्या बाळाचं औषध आपल्या बाळाच्या मशीनमध्ये नको.

कफ सिरप हा तिसरा मुद्दा. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेली औषधं चार वर्षांखाली द्यायची नाहीत, असं बाटलीवर छापायला केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे काय झालं ते आठवत असेलच. डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेलं सिरप, मुलांच्या किडन्या गेल्या, त्यातली काही नागपूरला उपचारांना आणली होती. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं द्यायची नाहीत आणि पाच वर्षांखाली सहसा टाळायची. खोकला हीच मुलाची नळ्या साफ करायची सोय आहे, ती का बंद करायची?

आजीचा_बटवा
मग करायचं तरी काय? वाफ नको, सिरप नको. मध चालेल की तोही परदेशी अभ्यासात नापास?

स्टेथोवाला
मध पास! पण वर्ष पूर्ण झाल्यावरच. झोपताना अर्धा ते एक चमचा, रात्रीचा खोकला खरंच कमी होतो. एक वर्षाच्या आत चाटणसुद्धा नको, त्यातून बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. बारशाला मध चाटवणाऱ्या आत्यांनी नोंद घ्यावी.

बर्मिंगहॅमकर
इथला अनुभव. मुलगा पाच महिन्यांचा असताना ब्राँकिओलायटिस. मराठी मन, डॉक्टर काहीतरी देतील या आशेने गेलो. त्यांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला, छाती ऐकली, आकडा ठीक होता. 'तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त होईल, मग उतरेल. थोडं थोडं, वारंवार पाजा. नेहमीच्या निम्म्याहून कमी प्यायला किंवा नॅपी बारा तास कोरडी राहिली तर या.' बस. घरी पाठवलं, कागद हातात. बायको आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो, पार्किंगचे पैसे तेवढे गेले.

पण तो कागद फार कामाचा निघाला. कधी यायचं हे काळ्यावर पांढरं लिहिलं असलं की रात्री दोनला डोकं चालतं. आपल्याकडे डॉक्टर चांगले आहेत, हा कागद मिळत नाही एवढंच. जाता जाता, इथे सप्टेंबर २०२४ पासून गरोदर बायकांना २८ आठवड्यांनंतर आरएसव्हीची लस देतात, म्हणजे बाळ जन्मताना संरक्षण घेऊनच येतं.

तिरकस
काळ्यावर पांढरं? तिकडे कागद काळा असतो का? :ड

बर्मिंगहॅमकर
पांढऱ्यावर काळं. रात्री दोनचा परिणाम. हलकेच घ्या.

वैनगंगा
कागदावरून आठवलं. आमच्या गडचिरोलीकडे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या दायांना श्वास मोजायला शिकवलं होतं. बऱ्याच जणींना साठपर्यंत आकडे मोजता येत नव्हते. म्हणून एक साधी फळी केली, एका मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजून उपचार सुरू. दहा बोटांवर चालणारं गणित. आमच्याकडे पोर धापा टाकायला लागलं की 'डबा झाला' म्हणतात, आणि त्यावर पोटाला डागायचे प्रकार जुन्या लोकांनी पाहिलेले आहेत. त्या मानाने साबुंची ब्रँडी सौम्य म्हणायची.

शेवंती
वैनगंगा, हे भारीच. नवऱ्याचं गूगल बंद करून त्याला मोजायला बसवलंय.

आजीचा_बटवा
ब्रँडीवर सगळे हसताय, पण मी लहान असताना चमचाभर पाजायचेसुद्धा. आणि पुरचुंडीत वाईट काय? नैसर्गिक आहे.

स्टेथोवाला
ब्रँडी पाजू नका, चोळूही नका. लहान मुलाची कातडी पातळ, दारू कातडीतून आणि वासातूनही आत जाते, रक्तातली साखर उतरते, मूल गुंगतं. गुंगलेल्या मुलाचा श्वास मंदावतो, आपल्याला वाटतं आराम पडला.

ओवा ठीक, कापूर नाही. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना आकडी येते, आणि गळ्यातली पुरचुंडी तोंडात जायला कितीसा वेळ लागतो? छातीला चोळायच्या बामांतही कापूर-मेंथॉल असतं, दोन वर्षांखाली ते नको. मोठ्यांनाही नाकपुड्यांत नाही.

न्हाणीघर
मग धुरीचं काय? बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, त्यावर ओवा, लसणाची सालं, वेखंड. बाळाला न्हाऊमाखू घालून त्या धुरावर धरायचं. आमच्याकडे मालिशवाल्या मावशी धुरी नाही दिली तर दुसऱ्या दिवशी येतच नाहीत.

रात्रपाळी
मावशींना चहा द्या, धुरी नको. नळ्या सुजलेल्या असताना धूर कशाचाही असो, वाईटच. अगरबत्ती, डासांची कॉइल, बाल्कनीतली सिगरेट, सगळं यातच आलं. सिगरेट ओढून आलेल्या माणसाच्या शर्टालाही धूर असतो. चूल असेल तर पोराला दुसऱ्या खोलीत ठेवायचं आणि खिडकी उघडायची. थंडी लागेल म्हणून दारं-खिडक्या बंद करून आत कॉइल लावणारी घरं मी फार पाहिली.

थापाड्या
नावावर जाऊ नका. पाठ थापटण्याबद्दल कोणीच बोललं नाही. आमच्या डॉक्टरांकडच्या सिस्टर हाताचा तळवा खोलगट करून पाठीवर थापट्या मारायच्या, कफ सुटतो म्हणून.

कटिबंध
फिजिओथेरपिस्ट आहे. ते तंत्र खरं आहे, पण ज्यांना घट्ट कफ साठतो आणि खोकून काढता येत नाही अशांसाठी. स्नायू दुबळे असलेली मुलं, नळ्या कायमच्या रुंदावलेली मुलं. साध्या ब्राँकायटिसच्या मुलाला त्याची गरज नसते आणि ब्राँकिओलायटिसच्या तान्ह्या बाळाला तर ते करूच नये, फायदा नाही आणि बाळ दमतं.

रात्रपाळी
इथे माझं थोडं वेगळं मत. तान्ह्यांचं कबूल. पण तीन-चार वर्षांच्या पोराला खोकून खोकून घुसमटतंय असं वाटलं की मांडीवर पुढे वाकवून पाठीवर हलके थापटलं तर ते शांत होतं, आणि शांत झालं की श्वास उतरतो. कफ सुटतो का ते तुम्ही सांगा. आईला काहीतरी करतेय असं वाटतं, हेही त्यात आहेच.

कटिबंध
हलकं थापटणं, कुशीत घेणं, याला माझी ना नाही. जेवण झाल्या झाल्या मात्र नको, उलटी होईल. त्यापेक्षा कागदाचं भिरभिरं किंवा साबणाचे फुगे द्या. लांब श्वास सोडला जातो आणि मुलाला तो खेळ वाटतो. धाप जोरात असताना नाही, उतरायला लागल्यावर.

बंडूतात्या
नेब्युलायझरचं बोला कोणीतरी. आमचा नातू मशीनचा आवाज ऐकला की पलंगाखाली. दोघांनी धरायचं, एकाने मास्क दाबायचा, आणि खालच्या मजल्यावरचे विचारतात काय झालं.

दुधावरची_साय
तात्या, आमच्याकडे आधी कापडी हत्तीला मास्क लावतो. हत्तीचं नेब्युलायझर झालं की मग त्याचं. मशीन नुसतं चालू ठेवून बाजूला पुस्तक वाचायचं, आवाजाची सवय होते. मास्क चेहऱ्यापासून लांब धरून 'वाफ जातेय की' असं मानून घेतलं तर औषध हवेत जातं, नाकात नाही. आणि रडताना दिलेलं फारसं खाली पोचत नाही, त्यामुळे भांडून दिलेलं निम्मं वायाच.

रात्रपाळी
सायताई अगदी बरोबर. आणखी बारकावे : मूल ताठ बसलेलं, औषधाचा कप उभा. कप तिरका झाला की फवारा कमी होतो. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध आणि सलाईन मिळून साधारण ३ मिली भरतं, साध्या नळाच्या पाण्याने भरायचं नाही. फस्-फस् आवाज तुटक यायला लागला की कपाला टिचकी मार, कडेचे थेंब खाली येतात. झाल्यावर तोंड पूस, कप-मास्क धुऊन हवेवर वाळव.

पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायचं नळकांडं) दिला असेल तर तोही तितकाच चांगला, कमी लेखू नका. एका वेळी एकच फवारा, मास्क घट्ट, पाच-सहा श्वास, मग दुसरा. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळू द्यायचा. फडक्याने पुसला तर आत वीज धरते आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

खालचा_मजला
तात्या, तुमच्या खालचे नाही, पण त्यांचं दुःख समजू शकतो.

पुन्हा_मीच
करोनातला ऑक्सिमीटर कपाटात आहे. तो मुलीला चालेल?

स्टेथोवाला
मोठ्यांचा लहान बोटावर नीट बसत नाही, भलताच आकडा दाखवतो. मुलांचा वेगळा मिळतो. हात हलला, बोट गार पडलं, नेलपॉलिश असलं तरी चुकतो. आकडा ९४च्या खाली आणि तो टिकून राहिला तर डॉक्टरांना फोन करा, ९०च्या खाली म्हणजे ऑक्सिजन लागणार. पण आकडा ९७ आणि बरगड्या आत ओढल्या जाताहेत, तर बरगड्यांवर विश्वास ठेवा. यंत्र नसेल तर अडत नाही.

शेवंती
सगळ्यांचे आभार. रात्रीचा वृत्तांत : झोपेत मोजले तर ३६. नवऱ्याने सकाळी ५२ मोजले आणि गाडीची किल्ली घेऊन उभा. ती तेव्हा सोफ्यावरून उड्या मारत होती. पातेल्याचं प्रकरण साबांना हा धागा वाचून दाखवून मिटवलं, त्या म्हणाल्या 'मग आधीच सांगायचं ना'. पुरचुंडीतून कापूर काढलाय, ओवा पलंगाच्या दांडीला लटकतोय, आईचंही समाधान.

दोन शंका राहिल्या. नेब्युलायझर झाल्यावर ती जास्त खोकते आणि एकदा उलटीतून चिकट काहीतरी पडलं. हे बरोबर आहे का? आणि दूध बंद करायचं का? साबांचं म्हणणं दुधाने कफ होतो, केळं-दही तर घरातून हद्दपार आहे.

रात्रपाळी
३६ चांगला, झोपायच्या आधी आणि पहाटे एकदा मोजत राहा. नेब्युलायझरनंतर खोकला सुटणं चांगलंच. लहान मुलं थुंकत नाहीत, कफ गिळतात आणि मग तो उलटीतून पडतो. उलटीनंतर हलकं वाटून झोपली तर ठीक. हिरवी उलटी, रक्त, किंवा प्रत्येक घोटाला उलटी, तर दाखव. दूध पिते ना? मग चालू दे. दुधाने तोंडात चिकट वाटतं, छातीत कफ तयार होत नाही. अंगावर पिणारं बाळ असेल तर दूध तोडायचा विचारही करू नये. पोट गच्च भरलं की श्वासाला जड जातं, म्हणून वाटीभर एकदम नको. मऊ भात, वरणाचं पाणी, पेज, दोन-दोन घास. पाणी जवळ ठेव, घोट घोट. शू नेहमीसारखी होतेय ना, एवढं बघ. केळ्याचं साबांशी भांडू नकोस, आठवडाभर केळं नाही खाल्लं तर काही बिघडत नाही.

बंडूतात्या
हत्तीचा प्रयोग केला. नातू म्हणतो हत्तीला बरं वाटलं, आता आजोबांना लावा. मी लावून बसलो होतो, यंत्र बंद ठेवून.

अवांतर : शेजाऱ्यांचं बाळ आजारी आहे, ते आमचं मशीन मागताहेत. द्यावं का?

रात्रपाळी
मशीन द्या. कप आणि मास्क त्यांनी नवा आणायचा, नळीही जमल्यास वेगळी, मेडिकलमध्ये पूर्ण संच मिळतो. आणि त्यांच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय का ते आधी विचारा. तुमच्या घरातली उरलेली औषधं मशीनबरोबर पाठवू नका.